दोष म्हणे किल्ल्यांच्या जुडग्याचा!



हमरस्त्यावर ताशी साठ-पासष्ट मैलांच्या वेगाने गाडी चालली आहे. चालवणाऱ्याचा गुडघा किल्ल्यांच्या जुडग्याला लागतो आणि इंजिन बंद पडते. दोष कोणाचा? गुडघ्याचा, जुडग्याचा की गाडीचा?

शाळकरी पोरही याचे उत्तर चटकन देईल. जनरल मोटर्सला ते द्यायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला आणि त्या काळात शंभराहून अधिक माणसे जिवानिशी गेली. २०१४ साली कंपनीने अखेर तोंड उघडले, तेही उपरती होऊन नव्हे. ज्यांची मुले त्या गाड्यांत मेली त्या आईबापांनी, त्यांच्या वकिलांनी आणि ज्यांच्या दारात त्या गाड्या उभ्या होत्या त्या मालकांनी ते उघडायला लावले.

प्रकरण जुने आहे, हे मला ठाऊक आहे. ते आज उकरून काढण्याचे कारण आपल्यातच आहे. मिशिगनमध्ये मराठी माणसांच्या घरी जेवणे झाली, पाने-सुपारी झाली, की गाड्यांचा विषय निघतोच. साहजिक आहे. आपल्यातले कितीतरी जण गाड्यांच्या कंपन्यांत किंवा त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांत नोकरीला आहेत. एखाद्या गाडीबद्दल मालकांची ओरड चालू असल्याची बातमी कोणी काढली की कोचावरून उत्तर येते: "अहो, लोकांना गाडी चालवता येत नाही. चुकीच्या पेडलवर पाय ठेवतात आणि मग वकील गाठतात." मंडळी हसतात आणि विषय शेअर बाजाराकडे वळतो.

हे हसणे मला निरुपद्रवी वाटत नाही. यंत्रातला दोष एका स्प्रिंगमध्ये असतो. तो दहा वर्षे जिवंत राहतो तो मात्र तक्रार करणाऱ्याला मूर्ख ठरवण्याच्या सुशिक्षित सवयीमुळे. ती सवय डेट्रॉइटच्या सभागृहांत होती आणि आपल्या दिवाणखान्यांतही आहे. मी गाड्यांच्या धंद्यात नाही. प्रयोगशाळेत मोजमापे घेणे हा माझा व्यवसाय. पण मोजमापाच्या नावाखाली माणसांचे म्हणणे कसे उडवून लावता येते, याचा इतका स्वच्छ नमुना मला दुसरा सापडलेला नाही.

तर गोष्ट अशी. शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयॉन आणि त्यांच्या भावंडांत किल्ली घालायचा जो स्विच होता, त्याच्या आत एक छोटी खुंटी स्प्रिंगच्या जोरावर खाचेत बसायची. ती घट्ट बसली तर किल्ली 'रन'वर टिकते. स्प्रिंग आखूड आणि मऊ असेल तर जुडग्याच्या वजनाने, खड्ड्याच्या दणक्याने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने किल्ली मागे सरकून 'ॲक्सेसरी'वर येते. म्हणजे रेडिओ चालू, इंजिन बंद. स्टिअरिंग दगडासारखे जड होते, ब्रेकला मिळणारी मदत संपते आणि सगळ्यात वाईट म्हणजे एअरबॅगा उघडत नाहीत. ज्या क्षणी त्यांची गरज, नेमक्या त्याच क्षणी त्या गप्प.

कंपनीच्या स्वतःच्या अपेक्षेप्रमाणे ती किल्ली हलवायला निदान १५ न्यूटन-सेंटिमीटर जोर लागायला हवा होता. स्विच पुरवणाऱ्या डेल्फाय कंपनीच्या चाचण्यांत तो बराच कमी भरला. जनरल मोटर्सच्या संबंधित अभियंत्याला हे माहीत होते आणि तरी २००२ साली त्याने तो भाग मंजूर केला. पुढे काँग्रेससमोरच्या सुनावणीत दुरुस्तीच्या भागाची किंमत सांगितली गेली ५७ सेंट. सत्तावन्न सेंटमध्ये आपल्याकडे साधा वडापावही मिळत नाही, असे कोणी म्हणेल. मिळतो, टपरीवर अजून मिळतो.

गाडी नवी होती तेव्हाच, २००५ साली, मोटारींवर लिहिणाऱ्या पत्रकारांनी चालत्या गाडीत किल्ली सरकल्याचे छापले होते. ग्राहकांच्या तक्रारीही येत होत्या. कंपनीत बैठका झाल्या आणि तिथे या प्रश्नाला एक नाव देण्यात आले: ग्राहकाच्या सोयीचा प्रश्न. का? तर इंजिन बंद पडले तरी गाडी जोर लावून वळवता येते आणि थांबवता येते, म्हणून तो सुरक्षिततेचा प्रश्न नाही. एअरबॅगेचा या युक्तिवादात पत्ताच नव्हता. एकदा 'सोय' असा शिक्का बसला की प्रत्येक उपाय खर्चाच्या तराजूत तोलता येतो आणि प्रत्येक उपाय महागच ठरतो. तसेच झाले.

डिसेंबर २००५ मध्ये विक्रेत्यांना एक सूचनापत्रक गेले. त्याचा आशय असा की चालक बुटका असेल आणि त्याचा जुडगा मोठा किंवा जड असेल तर असे होण्याची शक्यता जास्त. तेव्हा ग्राहकाला जुडग्यातल्या नको त्या वस्तू काढायला सांगा आणि किल्लीच्या लांबट भोकात बसणारा एक तुकडा द्या. मी पाच फूट एक इंच उंच आहे. माझ्या जुडग्यात घराच्या, ऑफिसच्या, गॅरेजच्या आणि आईच्या लोखंडी कपाटाच्या किल्ल्या आहेत. म्हणजे हे पत्रक माझ्याबद्दलच लिहिले होते म्हणायचे! आपल्यातल्या बहुतेक बायकांबद्दल लिहिले होते. गाडी सहा फुटी, एकच किल्ली खिशात ठेवणाऱ्या पुरुषासाठी बेतलेली असेल तर तसे जाहिरातीत सांगायला हवे होते. आणि तो प्लास्टिकचा तुकडा तरी किती जणांपर्यंत पोचला? पाचशेहूनही कमी. गाड्या होत्या लाखोंनी.

आता या कथेतला मला सर्वांत जास्त संताप आणणारा भाग. २००६ साली त्याच अभियंत्याने स्विच गुपचूप सुधारला. लांब खुंटी आणि जोरदार स्प्रिंग असलेला नवा भाग मंजूर केला, पण भागाचा क्रमांक बदलला नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कोणालाही याचा अर्थ सांगायला नको. नमुना बदलायचा आणि बाटलीवरची चिठ्ठी जुनीच ठेवायची, याला आमच्याकडे नोकरी जाते. पुढची कित्येक वर्षे कंपनीचेच तपासनीस डोके खाजवत बसले, की २००७पर्यंतच्या गाड्यांत एअरबॅगा उघडत नाहीत आणि नंतरच्या गाड्यांत उघडतात, हे कसे? स्विच तर तोच आहे. कागदावर तोच होता.

कोडे कोणी सोडवले? जॉर्जिया राज्यात २०१० साली एक तरुण परिचारिका आपल्या वाढदिवशी कोबाल्टमध्ये मेली. तिच्या आईवडिलांनी वकील केला, वकिलाने एक अभियंता नेमला. त्या अभियंत्याने दुकानातून एक नवा स्विच विकत आणला, अपघातातल्या गाडीचा जुना स्विच शेजारी ठेवला आणि दोन्ही उघडून पाहिले. खुंटीची लांबी वेगळी, स्प्रिंग वेगळी. बस्स. जगभरचे तज्ज्ञ पदरी बाळगणाऱ्या कंपनीला वर्षानुवर्षे जे दिसले नाही, ते दोन वस्तू शेजारी ठेवून पाहणाऱ्याला दिसले. त्याला बघायचे होते, एवढाच फरक.

सरकारी यंत्रणेचे वर्तनही सांगायला हवे. विस्कॉन्सिनमध्ये २००६च्या एका अपघातात दोन किशोरवयीन मुली गेल्या. तिथल्या राज्य पोलिसांच्या तपासनिसाने किल्ली 'ॲक्सेसरी'वर होती, एअरबॅगा उघडल्या नाहीत आणि कंपनीचे असे असे सूचनापत्रक आहे, हे तिन्ही धागे आपल्या अहवालात एकत्र बांधले. त्याच्याकडे ना सुपरकॉम्प्युटर होता, ना डॉक्टरेट. तो अहवाल वाहनसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेकडे २००७ सालीच होता. संस्थेतल्या एका अधिकाऱ्याने चौकशी सुरू करावी असे सुचवलेही होते. वरच्या समितीने नकार दिला, कारण आकड्यांत ठळक कल दिसत नाही. २०१० मध्ये विषय पुन्हा निघाला आणि पुन्हा मिटला.

'कल दिसत नाही.' संख्याशास्त्र शिकलेल्या वाचकांनो, या वाक्यापाशी जरा थांबूया. दुर्मीळ घटनेबद्दल थोडी माहिती हाती असताना कल न दिसणे म्हणजे कल नसणे नव्हे. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आपण शिकवतो. औषधाच्या चाचणीत चाळीस रुग्ण घेऊन दुष्परिणाम दिसला नाही, म्हणून औषध निर्धोक आहे, असे कोणी लिहिले तर आपण तो लेख परत पाठवू. मग गाडीच्या बाबतीत तोच युक्तिवाद आपल्याला इतका शास्त्रशुद्ध का वाटतो? शिवाय मोजलेल्या अपघातांत कारण म्हणून काय लिहिलेले असते? 'वेग जास्त', 'पट्टा बांधला नव्हता', 'चालकाचा ताबा सुटला'. स्विचच्या नावाचा रकानाच नसेल तर स्विचने मेलेली माणसे त्यात सापडणार कशी?

चालकाचा ताबा सुटला, या तीन शब्दांची किंमत टेक्ससमधल्या एका तरुणीने मोजली. २००४ साली ती सॅटर्न आयॉन चालवत असताना गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली. शेजारी बसलेला तिचा मित्र गेला. तिच्यावर खटला भरला गेला आणि निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा तिने २००७ साली कबूल केला. त्याच वर्षी जनरल मोटर्सच्या अंतर्गत पाहणीत त्या अपघाताला गाडी जबाबदार असल्याचा निष्कर्ष निघालेला होता. कंपनीने तो ना तिला कळवला, ना सरकारी वकिलाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायाधीशांनी तिची शिक्षा रद्द केली. मधली सात वर्षे एका माणसाने 'मी माझ्या मित्राला मारले' हे मनावर घेऊन काढली. लोकांना गाडी चालवता येत नाही म्हणणाऱ्यांनी हे एकदा डोळे मिटून ऐकावे.

हे सगळे घडत असताना कंपनीतले लोक राक्षस होते असे मी म्हणत नाही. राक्षस असते तर सोपे झाले असते. अँटन वालुकास या वकिलाने कंपनीसाठीच केलेल्या चौकशीचा अहवाल जून २०१४ मध्ये बाहेर आला. तो तीनशेहून अधिक पानांचा आहे आणि तो वाचताना मला वारंवार आपल्या ओळखीच्या बैठका आठवल्या. त्यात दोन हावभावांचे वर्णन आहे. एक म्हणजे खोलीतल्या सगळ्यांनी 'हो, करायलाच हवे' म्हणून माना डोलवायच्या आणि बाहेर पडल्यावर कोणीच काही करायचे नाही. आपल्याकडे याला नंदीबैल म्हणतात. दुसरा म्हणजे दोन्ही हात छातीवर दुमडून बोटे आजूबाजूच्यांकडे दाखवायची: जबाबदारी माझी नाही, त्यांची. कंपनीने पंधरा जणांना काढले. उरलेल्यांनी बहुधा मान डोलावली.

आणि भाषा! २००८ सालचे एक अंतर्गत सादरीकरण पुढे सरकारी दंडाच्या कागदपत्रांतून उघड झाले. अहवालांत कोणते शब्द वापरू नयेत याची त्यात यादी होती, एकोणसत्तर शब्दांची. 'मृत्यूचा सापळा', 'टायटॅनिक', 'चाकांवरची शवपेटी' हे शब्द वर्ज्य असणे मी समजू शकते. अभियंत्याने नाटकी लिहू नये. पण 'दोष' हाही शब्द वर्ज्य होता. त्याऐवजी लिहायचे 'रचनेनुसार काम करत नाही'. 'समस्या'ऐवजी 'बाब' किंवा 'स्थिती'. ज्या गोष्टीला नाव नाही तिची फाइल बनत नाही, जिची फाइल नाही तिचा निर्णय होत नाही आणि ज्याचा निर्णय नाही त्याचा गुन्हेगारही नाही. तुम्ही-आम्ही रोज जे निर्जंतुक इंग्रजी लिहितो ते थोडे बाजूला ठेवून स्वतःच्या ईमेली वाचून पाहाव्यात, इतकेच सुचवते.

आता मालकांच्या चळवळीकडे येते, कारण श्रेय तिचे आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली आणि दोन महिन्यांत आकडा सुमारे पावणेआठ लाखांवरून सव्वीस लाखांवर गेला. कंपनी तेव्हा तेरा मृत्यू मान्य करत होती. मुली गमावलेल्या आयांनी इंटरनेटवरून एकमेकींना शोधले. आपल्या मुलीचा अपघात एकटा नव्हता, हे त्यांना एकमेकींकडून कळले; सरकारकडून नाही आणि कंपनीकडून तर नाहीच. १ एप्रिल २०१४ रोजी मुख्याधिकारी मेरी बारा काँग्रेससमोर साक्षीला बसल्या, तेव्हा हे कुटुंबीय मुलांचे फोटो घेऊन त्याच दालनात होते.

दरम्यान गाड्यांचे मालक दुसरीच मागणी करत होते: दुरुस्तीचे भाग येईपर्यंत या गाड्या चालवू नका असे कंपनीने स्पष्ट सांगावे. कंपनी म्हणत होती, जुडगा काढून एकटी किल्ली वापरली तर गाडी सुरक्षित आहे. मालकांनी टेक्ससच्या संघीय न्यायालयात तसा आदेश मागितला. न्यायालयाने एप्रिलमध्ये तो नाकारला आणि हा प्रश्न सुरक्षा संस्थेचा आहे म्हटले. हरलेच ते. पण त्यांच्या गोंगाटामुळे कितीतरी जणांनी गाडी घराबाहेर काढण्याआधी बदली गाडी मागितली आणि विक्रेत्यांना ती द्यावी लागली.

कंपनीने आणखी एक ढाल पुढे केली होती. २००९च्या दिवाळखोरीनंतरची जनरल मोटर्स ही नवी कंपनी. जुन्या कंपनीच्या पापांचे दावे हिच्यावर चालत नाहीत. दोष लपवूनच दिवाळखोरीतून बाहेर पडायचे आणि मग दिवाळखोरीच्याच कागदाने दोषाचे दावे अडवायचे, हे तर्कशास्त्र आमच्या गावच्या सावकारालाही सुचले नसते. अपील न्यायालयाने २०१६ मध्ये ती ढाल काढून घेतली, कारण मालकांना दोष कळवलाच नव्हता. नुकसानभरपाईचा निधी केनेथ फाइनबर्ग यांनी चालवला. चार हजारांहून अधिक अर्ज आले. १२४ मृत्यूंचे दावे ग्राह्य ठरले. तेरा आणि एकशे चोवीस. मधली एकशे अकरा माणसे अर्ज केले म्हणून मोजली गेली.

शिक्षा? सुरक्षा संस्थेचा दंड साडेतीन कोटी डॉलर, त्या वेळी कायद्याने घेता येणारा सर्वाधिक. सप्टेंबर २०१५ मध्ये न्यायखात्याशी नव्वद कोटी डॉलरचा करार, ज्यानुसार खटला तहकूब. एकाही व्यक्तीवर फौजदारी आरोप नाही. टेक्ससच्या त्या मुलीवर मात्र होता.

मला ठाऊक आहे, इथपर्यंत वाचून काही मित्रांच्या ओठांवर 'ऑडी' हा शब्द आला असेल. बरोबर आहे. १९८०च्या दशकात ऑडी ५००० आपोआप सुसाट सुटते अशी ओरड झाली आणि सुरक्षा संस्थेने १९८९ मध्ये निष्कर्ष काढला की बहुतेक प्रसंगी चालकांचा पाय चुकीच्या पेडलवर पडला होता. टोयोटाच्या प्रकरणात नासाच्या अभियंत्यांनी २०११ मध्ये सांगितले की इलेक्ट्रॉनिक्समध्ये तसा दोष सापडला नाही. म्हणजे मालक चुकतात. मान्य. पण काय चुकतात ते बघा. ते कारण चुकतात. काहीतरी घडते आहे हे सहसा चुकत नाहीत. टोयोटाच्या काही गाड्यांत पायाखालची चटई पेडलमध्ये अडकत होती आणि काहींत पेडल चिकटत होते, आणि त्याबद्दल लोकांची दिशाभूल केली म्हणून कंपनीने २०१४ मध्ये १२० कोटी डॉलर भरले. ऑडीच्या गोंधळातून ब्रेक दाबल्याशिवाय गिअर हलू नये अशी सोय आली. ती आज आपल्या प्रत्येक ऑटोमॅटिक गाडीत आहे आणि तिच्याशिवाय आपण गाडी घेणार नाही. रुग्ण 'पोटात आग पडते' म्हणतो, तेव्हा आग नसते म्हणून डॉक्टर त्याला घरी पाठवत नाहीत. निदान करणे डॉक्टरचे काम आहे.

हा माझा मुद्दा आपल्या व्यवसायबंधूंना पटेल अशी आशा आहे. पण पटणे पुरेसे नाही, कारण आपल्यातला एक मोठा भाग पटूनही गप्प राहतो आणि त्याला कारण आहे. एच-वन व्हिसावरच्या पस्तिशीच्या अभियंत्याची कल्पना करा. ग्रीन कार्डाची रांग न संपणारी, मुलगी दुसरीत, घराचे कर्ज. त्याच्या टेबलावर एखाद्या स्प्रिंगचा नापास अहवाल येतो. नोकरी गेली तर नवी शोधायला त्याला साठ दिवस आहेत, त्यानंतर सामान बांधायचे. अशा माणसाला 'तू का बोलला नाहीस' असे विचारण्याचा हक्क मला नाही. वाहनसुरक्षेबाबत माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी २०१५च्या कायद्यात बक्षिसाची तरतूद झाली, आणि २०२१ मध्ये ह्युंदाईच्या एका माजी कर्मचाऱ्याला दोन कोटी चाळीस लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली, हे खरे. पण बक्षीस मिळेपर्यंतची वर्षे व्हिसावर काढता येत नाहीत.

म्हणून मी हा प्रश्न नागरिक झालेल्यांना विचारते. वीस वर्षे झाली, घर फिटले, मुले कॉलेजात गेली, पदाच्या नावात 'सीनियर' आणि 'प्रिन्सिपल' लागले. ज्याची नोकरी व्हिसाला टांगलेली आहे तो कनिष्ठ सहकारी बैठकीत दबक्या आवाजात काही सांगू पाहतो, तेव्हा आपण काय करतो? 'हे नंतर ऑफलाइन बोलू' म्हणतो. किती वेळा ते नंतर येते?

आणि सामान्य मालक म्हणून? आपण अजूनही इथे पाहुण्यासारखे वागतो. यजमानाच्या घरी जेवणात खडा लागला तर गुपचूप गिळतो. गाडी बिघडली की दुसरी घेतो, कारण परवडते. आणि जुनी? ती विद्यापीठाच्या मराठी मुलांच्या यादीवर जाहिरात देऊन नुकत्याच आलेल्या पोराला विकतो. परत बोलावलेली, पण दुरुस्त न केलेली वापरलेली गाडी विकायला इथे संघीय कायद्याची सर्वसाधारण बंदी नाही, हे किती जणांना माहीत आहे? भाड्याच्या गाड्यांना तरी २०१६पासून बंदी लागू झाली, ती कशी? २००४ साली कॅलिफोर्नियात दोन सख्ख्या बहिणी दुरुस्त न केलेल्या भाड्याच्या गाडीत मेल्या. त्यांच्या आईने अकरा वर्षे राजधानीच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा डिसेंबर २०१५ मध्ये कायदा झाला. तोही छोट्या भाडेकंपन्यांना सोडून.

भारतात आपल्या आईवडिलांसाठी गाडी घेऊन देणारे आपल्यात पुष्कळ आहेत, म्हणून तिथले दोन शब्द. २०१० साली काही नॅनो गाड्यांना आगी लागल्या, तेव्हा कंपनीने गाडीत जादा संरक्षण फुकट बसवून दिले, पण 'परत बोलावणे' हा शब्द कटाक्षाने टाळला. एकोणसत्तर शब्दांची यादी पुण्यालाही पोचली होती म्हणायची! मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याची सक्ती करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला, आणि कलम ११०-अ मध्ये मालकांच्या तक्रारींना अधिकृत स्थान मिळाले: ठरावीक प्रमाणात मालकांनी दोष कळवला तर सरकार हलू शकते. ही मोठी गोष्ट आहे. सत्तरच्या दशकात पुण्या-मुंबईत ग्राहक पंचायतीचे काम उभे राहिले, तेव्हापासूनच्या मागणीला हे फळ आले आहे. पण २०२१च्या नियमांनी ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरते ठेवले आणि जास्तीत जास्त दंड एक कोटी रुपये.

सात वर्षे! ताकाता कंपनीच्या एअरबॅगांत अमोनियम नायट्रेट होते. ते दमट आणि उष्ण हवेत वर्षानुवर्षे गरम-थंड होत खराब होते आणि मग बॅग फुगवण्याऐवजी धातूची डबी फोडून तिचे तुकडे चालकाच्या अंगावर फेकते. म्हणजे हा दोष गाडी म्हातारी होईल तसा वाढतो. ताकाताने २०१७ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल केला. होंडाने भारतातही असल्या गाड्या परत बोलावल्या, पण स्वेच्छेने. मुंबई, रत्नागिरी, पणजीची हवा कशी असते हे मी तुम्हाला सांगायला नको. तिथे दहा-बारा वर्षांची होंडा सिटी तुमच्या बाबांकडे असेल, तर नियमाच्या दृष्टीने ती गाडी सक्तीच्या कक्षेबाहेर आहे. इथेही कंपनीवर फुकट दुरुस्तीचे बंधन पंधरा वर्षांचेच आहे, पण ते सातच्या दुपटीहून जास्त आहे.

तेव्हा या रविवारी एक काम करा. गाडीच्या काचेखालचा सतरा अक्षरांचा क्रमांक सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर घालून बघा. ही सोय २०१४पासून आहे. भारतातल्या गाडीचा क्रमांक बाबांकडून फोनवर घ्या आणि कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावर तपासा. गाडी विकणार असाल तर दुरुस्ती आधी, जाहिरात मागून. आणि तुमच्या गाडीत एकदा जरी विचित्र काही घडले असेल तर तक्रार नोंदवा. कारण शोधत बसू नका, इंजिनिअर असाल तर मुद्दाम शोधू नका. तारीख, वेग, हवा, गाडी किती मैल चालली होती, कोणता दिवा लागला, किल्ली कुठे होती, एवढे लिहा. दुरुस्तीच्या दुकानातला कागद जोडा आणि जुना भाग मागून घेऊन डब्यात ठेवा, फेकू नका. जॉर्जियातल्या त्या अभियंत्याकडे जुना स्विच होता, म्हणून नवा शेजारी ठेवून पाहता आला.